मुक्यांची खानावळ

"हुंक."

आमटीत भाकरी कुस्करणारे सगळे हात एकदम थांबले.

गिरिजाक्कांच्या खानावळीत संध्याकाळच्या पंगतीला एवढा आवाज म्हणजे फार झाला. तिथं वाटी ताटात टेकल्याचा आवाज यायचा, फार तर कोणी ताक भुरकल्याचा. माणसाच्या गळ्यातून काही यायचं नाही. तो खानावळीचा नियमच होता. पाटावर बसल्यापासून उठेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

मी चोरून समोर पाहिलं. पलीकडच्या रांगेत, अगदी माझ्या पुढ्यात, एक नवा तरुण बसला होता. चोविशी-पंचविशीचा, किडकिडीत, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याची मान डावीकडे हिसकली, डोळे मिचकले आणि पुन्हा आवाज आला. "हुंक." घास अडकला असावा असं वाटून मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. त्यानं मान हलवली. ती 'नको' म्हणून हलवली की आपोआप हलली, हे मला कळेना. माझे कान मात्र तापले. नको तिथं पुढाकार घेतला की माझं असंच होतं.

त्यानं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरला. ती आमच्याकडे 'पुरे'ची खूण होती. एक बोट वर केलं की भाकरी, तळहाताचा द्रोण केला की आमटी, चिमूट दाखवली की मीठ. गिरिजाक्का स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून एकेका हाताकडे बघायच्या आणि त्याप्रमाणे वाढायच्या. नवा माणूस खुणा शिकूनच आला होता. गावात कोणीही शिकवायचं. गावानं त्या जागेचं नावच मुक्यांची खानावळ ठेवलं होतं.

आक्कांचे यजमान होते तोवर असा काही नियम नव्हता. ते गेले, आणि पुढच्याच निवडणुकीच्या वर्षी दोन गिऱ्हाइकांची भर पंगतीत जुंपली. आमटीचं पातेलं उलथलं, एकाचा पाय भाजला. दुसऱ्या दिवशी आक्कांनी सांगून टाकलं, "इथं तोंड फक्त जेवायला उघडायचं. बोलेल त्याचं ताट मी उचलणार." एका तलाठ्याचं भरलं ताट त्यांनी खरोखरच उचललं होतं. तो निमूटपणे हात धुऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला आला. भाकरीच तशी असायची.

मी त्या गावात वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणून आलो तेव्हा तिथं आणखीही खानावळी होत्या. आक्कांची मी निवडली ती भाकरीसाठी नव्हे. माझं आडनाव सहस्रबुद्धे, पण चार माणसांत काय बोलावं हे त्या हजारांतल्या एकाही बुद्धीला वेळेवर सुचत नाही. जिथं बोलायचंच नाही अशी जागा मिळाली म्हणून मी देवाचे आभार मानले होते, आणि कितीतरी वर्षं तिथं सुखानं जेवत होतो.

बोलणं सुरू व्हायचं ते मागच्या अंगणात, हात धुताना.

"काय ओ, उचकी लागली होती काय?" जगतापांनी विचारलं. जगताप एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर कर्ण्यावरून गाड्या पुकारून त्यांचा साधा प्रश्नही शेवटच्या फलाटावर पोचेल असा यायचा.

"नाही. ते आपोआप येतं," तो तरुण म्हणाला. "लहानपणापासून आहे. दाबून धरता येतं थोडा वेळ. पण मग दुपटीनं येतं." मग आठवल्यासारखं करून त्यानं नाव सांगितलं. "मी सुर्वे. हायस्कुलात गणिताला आलोय. चिपळूणकडचा."

"कोकणातले. मग बरोबर," जगताप म्हणाले. "भात सुटला, ज्वारी सुरू झाली. ज्वारी कोरडी. नरड्याला घासते."

"भात खात होतो तेव्हाही येत होतं."

"तेव्हा मासे असतील. मासे उष्ण."

सुर्वे हसला. त्या हसण्यातही मान एकदा हिसकली. जगतापांनी आमच्यातल्या डॉक्टर निकमांकडे मोर्चा वळवला. "डॉक्टर, तुम्ही सांगा."

निकम जनावरांच्या दवाखान्यात होते. माणसांनी आपल्याला दुखणी विचारू नयेत असं ते रोज सांगायचे आणि माणसं रोज विचारायची. "मी गुरांचा डॉक्टर," ते पंचाला हात पुसत म्हणाले. "ह्यांना शेपूट फुटली की माझ्याकडे आणा."

एवढ्यात आक्का दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "माझ्या अन्नानं आजवर कुणाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पथ्य असेल तर सांगा की सर. मी सांभाळीन. काय काय सोसत नाही?"

"तसं पथ्य काही नाही आक्का. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलंय. ते म्हणाले, जिवाला धोका नाही. दोन वेळा पोटभर जेव, झोप पुरी घे, चहा जरा कमी कर. आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस."

"पथ्य नाही असं दुखणं असतंय का कुठं," आक्का म्हणाल्या. त्यांनी ते विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

तिथून पथ्य सुरू झालं. पहिल्यांदा चिंच गेली, कारण आंबट घशाला वाईट. मग मिरची गेली. जगतापांच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याला पापण्या फडफडण्याचा त्रास होता, तो दही सोडल्यावर गेला. म्हणून दही गेलं. शेंगदाण्याची चटणी पित्त करते असं पोस्टातले वसगडेकर म्हणाले, तीही गेली. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणून सुर्व्याच्या ताटातून काढून घेतला, आणि तो प्रेमानंच काढला, हे मला मुद्दाम सांगायला हवं. आक्का त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात मूगडाळ शिजवायच्या. आमच्या ताटात वांग्याची भाजी, झुणका, लसणाचा ठेचा. त्याच्या ताटात पिवळट अळणी काहीतरी. ते ताट झाकून येई. आक्का ते त्याच्यासमोर ठेवून झाकण काढत, आणि बारा माणसं जेवायची थांबून आधी त्याच्याकडे बघत, आज येतो का आवाज.

खुणांमध्ये एका नव्या खुणेची भर पडली. जगताप गळ्याला दोन बोटं लावून भुवया उडवायचे. म्हणजे 'आज कमी आहे का?' सुर्वे मान डोलवायचा. डोलवता डोलवता ती हिसकायची. "हुंक." मग जगताप हळहळून डोकं हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी एखादा पदार्थ जायचा.

आवाज वाढत गेला. पहिल्या दिवशी तो जेवणात चार-दोनदा आला असेल, आता घासागणिक येऊ लागला. सुर्व्याची मनगटं दिसायला लागली. पुढं तो संध्याकाळचा खानावळीत येईनासा झाला.

तो वाचनालयात यायला लागला. खिडकीजवळच्या टेबलावर गणिती कोड्यांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बसायचा. मी माझ्या जागेवरून जुन्या पुस्तकांना खळ लावत असायचो. वाचनालयात आवाज फार लांबवर जातो, म्हणून माझ्या लक्षात आलं की कोड्यात बुडालेला असताना त्याच्या गळ्यातून काही येत नाही. मान सरळ, डोळे कागदावर. तेवढ्यात कोणी वर्तमानपत्र वाचायला आलं, खुर्ची सरकवली आणि त्याच्याकडे सहज पाहिलं, की लगेच "हुंक."

एका शनिवारी समोरच्या हॉटेलातून त्याच्यासाठी चहा आला. मग दुसरा आला. तिसरा आला तेव्हा मी बराच विचार करून त्याच्या टेबलापाशी गेलो.

"जेवलात का?"

"बिस्किटं खाल्ली." त्यानं कप बाजूला सरकवला. "डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट चाललंय माझं, सहस्रबुद्धे. जेवण नाही, झोप नाही, वर उपाशीपोटी चहा. त्यानं वाढतं हे मला कळतं. पण ते झाकलेलं ताट समोर आलं की भूकच मरते. घास तोंडात घेतला की वाटतं, आता येणार. मग येतोच."

"वर्गात कसं होतं?"

"वर्गात मजा आहे." पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा उजळला. "फळ्यावर आकृती काढत असलो की अर्धा अर्धा तास पत्ता नसतो. पोरं विचारतात, मी सांगतो. मधूनच येतो, पण पोरं पुढचं विचारत असतात, त्यात तो जातो वाहून. चार दिवस नक्कल केली त्यांनी. मग कंटाळली." तो थांबला. "पण सोमवारपासून सहामाही आहे. पहारा करायचाय. तीन तास. बोलायचं नाही, लिहायचं नाही, नुसतं उभं राहायचं. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि साठ पोरं."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"आज राजीनामा देणार होतो. हेडमास्तर सांगलीला गेलेत, उद्या रात्री येतील. सोमवारी सकाळी देईन. गावाला काकांचं भुसार मालाचं दुकान आहे. मागच्या कोठीत पोत्यांवर लक्ष ठेवायला माणूस हवाच आहे त्यांना. तिथं कोणी नसतं."

"शिकवणं आवडतं ना तुम्हाला?"

"आवडून काय करू? बारा माणसांपुढं मला घास गिळता येत नाही. साठ पोरांपुढं तीन तास कसा उभा राहू?"

"बघू," मी म्हणालो. काहीच सुचलं नाही की मी 'बघू' म्हणतो.

तो गेल्यावर मी शिडी लावून वरच्या फळीवरचा एक इंग्रजी वैद्यकीय ग्रंथ काढला. कोणा दिवंगत डॉक्टरच्या घरच्यांनी दिलेला होता. त्यात या दुखण्यावर जेमतेम पाऊण पान होतं. कुणाचं लक्ष आपल्यावर आहे असं वाटलं की हे वाढतं, रोगी कशात रमला की कमी होतं, थकवा आणि काळजी यानं बळावतं, वयाबरोबर बहुधा उतरतं. अन्नाविषयी लिहिलं होतं की नेमानं पुरेसं खावं. अमुक पदार्थानं हे होतं किंवा जातं असा पुरावा नाही. मी ते पाऊण पान पुन्हा पुन्हा वाचलं. पण पुस्तक जुनं होतं, आणि मी वाचलं ते मला बरोबर समजलं असेल याची हमी कोण देणार? म्हणून घरी जाताना वाटेत डॉक्टर निकमांना गाठलं आणि चाचरत सगळं सांगितलं.

निकमांनी थट्टा केली नाही. "बुजरा बैल असतो ना," ते म्हणाले, "त्याच्या भोवती माणसं जमली की तो पाणीसुद्धा पीत नाही. चारा बदलून काय उपयोग? माणसं हटवायची. मग पितो."

"मग आक्कांना सांगा की."

"सांगतो," निकम म्हणाले आणि त्यांनी खरंच सांगितलं.

त्याचा परिणाम मात्र मला वाटला होता तसा झाला नाही. रविवारी दुपारी मी जेवायला गेलो तर अंगणात आक्का एक चार पुडांचा डबा घासून पुसत होत्या. जगताप शेजारी उभे होते.

"बरं झालं डॉक्टर बोलले," जगताप म्हणाले. "उद्यापासून सरांचा डबा खोलीवर. माणसंच नकोत भोवती. एकटे बसतील, निवांत जेवतील. लोकांचीपण कटकट गेली. पोस्टवाले काल म्हणत होते, त्या आवाजानं जेवण जात नाही."

"सरांना विचारलं का?" मी म्हटलं.

"विचारलं की. लगेच हो म्हणाले. आज शेवटचं इथं बसतो म्हणाले."

लगेच हो म्हणाला, हे मला बरं वाटलं नाही. माणसं हटवायची, हे बैलाला ठीक होतं. बैलाला वर्गावर जायचं नसतं. सुर्व्याच्या भोवतीची बारा माणसं हटली की मग साठ हटणार, आणि मागं उरणार ती काकांची कोठी. हे मला स्पष्ट दिसत होतं. ते कोणाला तरी सांगायला हवं होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. आक्का भाकरी थापत होत्या.

"आक्का."

"काय हो?"

"कालची आमटी छान झाली होती."

"काल पिठलं होतं," आक्का वर न बघता म्हणाल्या. मी परत येऊन पाटावर बसलो.

पंगत भरली. सुर्वे माझ्या समोर बसला. रविवार म्हणून आम्हाला भरलं वांगं होतं, दही होतं, चटणी होती. त्याचं झाकलेलं ताट आलं. आक्कांनी झाकण काढलं. डावीकडची, उजवीकडची, समोरची, सगळी डोकी जराशी वळली आणि खोलीत अशी शांतता पसरली की चुलीतली राख खचल्याचं ऐकू यावं. त्यानं घास उचलला. मी त्याच्या गळ्याकडं बघत होतो. होय, मीसुद्धा. घशातली ती गाठ वर सरकली, थांबली, तो तिला दाबून धरत होता, कपाळावर घाम आला.

"हुंक. हुंक."

पोस्टातल्या वसगडेकरांनी डोळे मिटून घेतले. सुर्व्यानं घास ताटात परत ठेवला आणि ताटावर हात आडवा धरला. पुरे.

त्या क्षणी मला कळलं की त्याच्या ताटातलं आम्ही सगळं काढून घेतलं, एक शांतता तेवढी भरपूर वाढत राहिलो. आणि ती मला फार आवडायची.

"काल एक पुस्तक परत आलं," मी म्हणालो.

माझाच आवाज मला परका वाटला. कोणाला तरी ठसका लागला. जगतापांचा हात घासासकट तोंडाशी राहिला. दाराशी उभ्या असलेल्या आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाकरीची टोपली खाली ठेवली आणि त्या माझ्या दिशेनं यायला लागल्या. ताट उचलायचं झालं तर अडथळा नको म्हणून मी हात मांडीवर घेतले. पण बोलणं अर्धवट सोडणं मला त्याहून अवघड वाटलं.

"त्यात पापड होता," मी म्हणालो.

आक्का थांबल्या.

"भाजलेला. अख्खा. खूण म्हणून घातला असावा. पान एकशे बाराच्या आसपास."

मला वाटलं, संपलं. मग माझ्यासमोरून, अगदी हळू आवाजात प्रश्न आला.

"मोडला नव्हता?" सुर्व्यानं विचारलं.

"नाही. त्याचंच तर नवल वाटलं."

"उडदाचा की पोह्याचा?"

"ते मला नक्की सांगता येणार नाही. तेलकट नव्हता."

"पुस्तक कसलं होतं ओ?" जगतापांना राहवलं नाही. त्यांचा आवाज एवढ्या वर्षांनी त्या खोलीत प्रथमच सुटला आणि भांडी घुमली. "पाकशास्त्राचं?"

"ज्योतिषाचं."

निकमांना हसू फुटलं आणि ताक नाकात गेलं. "म्हणजे ग्रह बघता बघता भूक लागली," ते खोकत म्हणाले.

"कोणी आणलं होतं?" वसगडेकरांनी डोळे उघडले होते.

"ते सांगणं बरं नव्हे. वाचक आहेत."

"म्हणजे बाई आहेत," जगताप म्हणाले. "बुद्धे, तुम्ही विचारलं नाही त्यांना, हा पापड तुमचा का म्हणून?"

"माझं धाडस झालं नाही. मी पुस्तक घेतलं, सही केली आणि त्यांनी नवीन मागितलं ते दिलं."

आता सगळी पंगत हसत होती. आक्का अजून माझ्यापुढं उभ्या होत्या. त्यांचा एक हात पुढं आला होता, ताटाच्या काठापर्यंत. तो तसाच राहिला.

"मग त्या पापडाचं काय केलंत?" आक्कांनी विचारलं.

"कपाटात ठेवलाय. मागायला आल्या तर द्यायला."

"कपाटात? पुस्तकांच्या? मुंग्या लागतील की हो." आणि आक्कांनी हात मागं घेऊन पदर तोंडाला लावला.

मग कोणाला आवरताच येईना. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. पुस्तकांत आणखी काय काय सापडतं? बेलाचं पान सापडतं, केसांचे आकडे सापडतात, एकदा कुणाची दाढीची वापरलेली पाती सापडली होती, एस.टी.ची तिकिटं तर नेहमीच. "कुठल्या डेपोची?" जगतापांनी लगेच विचारलं, आणि तिकिटं जपून ठेवणाऱ्या एका प्रवाशाची लांबलचक गोष्ट सुरू केली. ती चालू असताना समोरून "हुंक" आला. मी ऐकला, कारण मी कान देऊन होतो. पण जगतापांच्या गोष्टीत त्या वेळी गाडी घाटात बंद पडली होती. सुर्व्याचं लक्षही घाटातच होतं. त्यानं ताटावरचा हात कधी काढला मला दिसलं नाही. बघतो तर त्यानं शेजारच्या निकमांच्या ताटातल्या चटणीला बोट लावलं होतं.

"चालेल का हो डॉक्टर?" त्यानं विचारलं.

"मी गुरांचा डॉक्टर," निकम म्हणाले. "पण चालेल."

आक्कांनी ते पाहिलं. त्या आत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या भरलं वांगं आणि दही घेऊन. त्याच्या मूगडाळीचं पातेलं त्यांनी मधोमध ठेवलं. "हेपण संपवा सगळ्यांनी मिळून. मला रोज दोन चुली करायला होत नाही." आणि मग जगतापांना म्हणाल्या, "तो डबा माळ्यावर टाका. डब्यात भाकरी वातड होते."

अंगणात हात धुताना सुर्वे माझ्याशेजारी उभा राहिला. राजीनाम्याचं मी विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही. "पापड खरंच होता का?" एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो खरंच होता.

सोमवारी संध्याकाळी पंगत बसली आणि सुर्व्याचा पाट रिकामा राहिला. नियम मोडून एक दिवस झाला होता, तरी त्या दिवशी कोणाला बोलावंसं वाटेना. आक्का वाढता वाढता दाराकडे बघत होत्या. जगतापांनी दोनदा घसा खाकरला. शिराळ्याची गाडी साडेचारला असते, चिपळूणला जायचं तर तीच धरावी लागते, असं ते कोणालाही न उद्देशून म्हणाले. काल तोंड उघडून मी त्याचं भलं केलं की त्याला अधिकच उघडं पाडलं, हे रात्रभर मला ठरवता आलं नव्हतं.

पहिली भाकरी संपत आली तेव्हा तो आला. बोटांना लाल शाई, काखेत पेपरांचा गठ्ठा. गठ्ठा खुंटीखाली ठेवून तो पाटावर बसला आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागला.

"बोला की ओ आता," जगताप म्हणाले. "गाडी लेट का झाली?"

"पेपर ताब्यात घेतले, थोडे तपासत बसलो, त्यात उशीर झाला."

"म्हणजे पहारा केलात?"

"केला."

"आणि?"

त्याची मान हिसकली. "आला की. पेपर वाटून होताहेत तोवरच आला. माना वर झाल्या सगळ्यांच्या. मला वाटलं, आता गप्प राहिलो तर तीन तास मीच मला ऐकत बसणार. मग सांगून टाकलं. म्हटलं, मुलांनो, माझ्या घशातून असा आवाज येतो आणि मानही हलते. मी मुद्दाम करत नाही. कुणाला त्रास होत असेल तर सांगा, मी व्हरांड्यात उभा राहीन."

"मग?" हे मी विचारलं.

"पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, सर, आवाजाचं काही नाही, पलीकडं पिठाची गिरणी रोजच चालू असते. पण तुम्ही व्हरांड्यात गेलात तर चौथ्या गणिताचं कुणाला विचारायचं? त्यातल्या त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीएवढ्यासुद्धा भरत नाहीत."

"असं होतं काय?" जगताप म्हणाले.

"होऊच शकत नाही. तसा त्रिकोणच होत नाही." सुर्व्यानं घास गिळला. "पेपर मीच काढला होता. गेल्या आठवड्यात."

पंगत हसली. तो स्वतःही हसला, मग मान हलली, आवाज आला आणि हसणं पुढं चालू राहिलं. तो आवाज पुढं कायमचा गेला असं मात्र नाही. जागरण झालं, जेवण चुकलं, वरचे साहेब तपासणीला आले, की वाढायचा, सुट्टीत उतरायचा. याच शाळेतून तो निवृत्त झाला. परवा त्याचा फोन आला होता, तेव्हाही मध्ये एकदा येऊन गेला.

पण त्या संध्याकाळी त्याची पहिली भाकरी संपली होती आणि तो त्रिकोण बोटानं ताटावर काढून जगतापांना समजावत होता. आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तो त्रिकोण नीट बघून घेतला.

"उपाशीपोटी काढला असणार," त्या म्हणाल्या, आणि न विचारता दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकून पुढं गेल्या.